बिनभाताचे छप्पन्न दिवस

आमच्या आळीत कुणाचं लग्न निघालं, की मांडववाल्याच्या आधी बू वारसिनीला निरोप जायचा. आमच्याकडे बाईला मानाने बू म्हणतात आणि पुरुषाला पाक. ती यायची, बाह्या वर सारून मोठ्या कढईसमोर उभी राहायची, आणि मग बाकीच्या बायकांनी फक्त सोलायचं, चिरायचं आणि गप्प बसायचं. कुणी चुकून म्हणालं, "बू, मीठ जरा..." की संपलंच. "तीनशे माणसांचं जेवण मी डोळे मिटून करते, आणि तू मला मीठ शिकवतेस?" आणि खरंच करायची हो. तिची आई क्लातेनच्या बाजारात भाजी विकायची, त्यामुळे पोरीचं अर्धं बालपण मिरच्यांच्या ढिगाशेजारी गेलं. एकोणिसाव्या वर्षी पारजोनो शिंप्याशी लग्न होऊन ती इथे आली, आणि तेव्हापासून पस्तीस-छत्तीस वर्षं अख्ख्या आळीच्या जिभेवर तिचंच राज्य. तिची चूक कुणी काढलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. मग ती वेळ आली, आणि बघणाऱ्या आम्हालाच कुठे बघावं ते कळेना.

पारजोनो म्हणजे गरीब गाय. तीन शाळांचे गणवेश त्याच्याकडे शिवायला यायचे. सकाळी सहाला मशीन सुरू, दुपारच्या नमाजाला बंद, पुन्हा सुरू. मागच्या वर्षापासून मात्र त्याच्या कामात गडबड व्हायला लागली. कुणाच्या शर्टाला खिसा उजवीकडे, कुणाच्या चड्डीला एक पाय तोकडा. आधी लोक हसले. मग एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी गठ्ठाच परत पाठवला, आणि वारसिनीने नवऱ्याला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि रक्तात साखर उपाशीपोटी तीनशे बारा.

"दोनशेच्या खाली आणा, मग डोळ्याला हात लावतो," डॉक्टर म्हणाले. "आठ आठवड्यांनी रविवारी तुमचा नंबर. तो चुकला तर मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षापर्यंत शाळा थांबणार थोड्याच! मशीन बंद पडलं तर हा माणूस ओट्यावर नुसता बसून बसून संपेल, हे वारसिनीला पक्कं ठाऊक होतं. घरात शिरल्या शिरल्या तिने तांदळाचा डबा उचलला आणि वरच्या फळीवर ढकलून दिला.

एक शनिवार आड आळीच्या सभागृहात म्हाताऱ्यांची तपासणी असते. आरोग्य केंद्रातली आसिह नावाची मुलगी येते, बोटं टोचते, आकडे वहीत लिहिते. तिने वारसिनीला समोर बसवून नीट सांगितलं, "भात बंद. नूडल्स, बटाटा, कसावा बंद. गोड बंद. गोळ्या चालू. बाकी भाज्या, मासे, अंडी, कोंबडी, टोफू, काय हवं ते द्या. फक्त रोज तेच तेच देऊ नका, बू. लोक कंटाळतात आणि आठ दिवसांत पुन्हा भाताकडे वळतात."

"कंटाळतील?" वारसिनी म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन?"

आता आमच्याकडची गोष्ट अशी, की माणसाने अर्धी कोंबडी, दोन वाट्या नूडल्स आणि चार वडे हाणले तरी पानात भात पडला नसेल तर तो म्हणतो, अजून जेवलो नाही. अशा माणसाला आठ आठवडे बिनभाताचं जेवू घालायचं. वारसिनीने सभागृहातच सगळ्या बायकांसमोर जाहीर करून टाकलं, "छप्पन्न दिवस. रोज नवा पदार्थ. एक जरी पुन्हा आला तर नाव बदला माझं."

आणि काय एकेक करायची! टोफू हाताने मोकळा कुस्करून लसूण-मिरचीवर असा परतायची, की ताटलीत परतलेला भातच वाटावा. कच्ची पपई लांब किसून तिच्या शेवया. केळफूल नारळाच्या दुधात. बांगडा तुळशीच्या पानांसकट केळीच्या पानात बांधून वाफवलेला. कोबीच्या पानात गुंडाळलेला कोंबडीचा खिमा. निखाऱ्यावर भाजलेली वांगी, वर ठेचलेली मिरची. फणसाची कुयरी सकाळी मंद आचेवर ठेवली की दुपारी तिचा रंग विटेसारखा व्हायचा. शेवग्याचा पाला, ओलं खोबरं, आंबवलेल्या सोयाबीनच्या म्हणजे तेंपेच्या वड्या, अंडी. बायका वह्या घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसायला लागल्या, कारण साखर काही एकट्या पारजोनोला नव्हती, निम्म्या घरांत होती. वारसिनी सांगायची, त्या लिहून घ्यायच्या. तिचं तर नाक असं वर गेलं होतं, की दारातून आत यायला वाकावं लागायचंच बाकी होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी पारजोनो जेवता जेवता थबकला. "बू," तो बायकोला म्हणाला, "जरा गोडसर लागतंय का गं?"

"डोळ्यांबरोबर जीभही गेली वाटतं तुमची," ती म्हणाली. "चहातली साखर काढली, पेठेतली बिस्किटं बंद केली, आणखी काय करू? गप्प जेवा."

तो गप्प जेवला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

दोन आठवड्यांनी आकडा आला तीनशे चार. वारसिनीला वाटलं, होईल हळूहळू. चार आठवड्यांनी आला दोनशे अठ्ठ्याण्णव. आसिह आकड्याकडे बघत राहिली, मग वारसिनीकडे. "बू, घरात नक्की भात नाही ना?"

सभागृह भरलेलं होतं. वारसिनीचा चेहरा एकदम तापला. तिच्या हातचं खाऊन आकडा हलत नाही याचा तिला एकच अर्थ दिसत होता, आणि तो तिने तिथल्या तिथे मोठ्याने बोलून टाकला. "माझ्या घरात दाणा नाही! हा माणूस बाहेर चोरून खातो. विचारा त्याला!"

"मी नाही गं खात," पारजोनो म्हणाला.

"मग हवेवर वाढते का साखर?"

बायका फिस्कन हसल्या. "पाक पारजोनो, कोपऱ्यावरच्या गाडीवर जाता होय हो?" कुणी म्हणालं. "एकटेच खाता, आम्हाला पण बोलवा की!" त्यालाही थोडं हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. तो टोचलेलं बोट दुसऱ्या हाताने दाबून धरून बसला.

त्या दिवसापासून वारसिनी त्याची चौकीदारच झाली. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला दम दिला, "याला भाताची पुडी दिलीस तर तुझी गाडी उलथवीन." नमाजाहून आला की "हं, श्वास सोडा" म्हणायची. शर्टाचे खिसे चाचपायची. आणि साठीला टेकलेला तो माणूस दारात उभा राहून श्वास सोडायचा. एकदा मी ओट्यावर बसले होते, मी म्हटलं, "बू, लहान पोर आहे का तो?" तर मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचे डोळे शाबूत आहेत, तू बोलू नकोस."

पाचव्या आठवड्यात बू पोनिराहच्या नवऱ्याचा हजारावा दिवस आला. चाळिसावा, शंभरावा हे होऊन जातात, पण हजारावा म्हणजे शेवटचा. त्यानंतर मेलेल्या माणसासाठी आळी पुन्हा जमत नाही. पोनिराह बिचारी पावणेतीन वर्षं त्या दिवसाची वाट बघत होती. स्वयंपाकाला अर्थातच वारसिनी. आणि आलेल्या प्रत्येक पुरुषाला दुआ झाल्यावर बरकतीची टोपली द्यायची असते. भात, कोंबडी, अंडं, भाजी, वर केळं. ती घरी न्यायची, बायकापोरांनी खायची. टोपली म्हणजे आपण या आळीतले, आपण दुआ केली, घरवाल्यांनी ती मानली.

टोपल्या भरता भरता वारसिनी पोनिराहला म्हणाली, "आमच्या ह्यांना देऊ नका."

"अगं बाई! हजारावा आहे," पोनिराहचा हात थांबला. "दुआला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं लावून देऊ? तूच घरी गेल्यावर काढून घे ना टोपली."

"घरापर्यंत पोचेल का ती? वाटेतच बोटं घालतील. त्यांचे डोळे गेले तर तुम्ही भरून देणार आहात का?"

पोनिराहने वाढणाऱ्यांना तसं सांगितलं.

दुपारच्या उन्हाचा जोर ओसरल्यावर पुरुष चटयांवर ओळीने बसले. दुआ झाली. टोपल्या एका हातातून दुसऱ्या हातात पुढे सरकायला लागल्या. वारसिनी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघत होती. पारजोनो मधोमध बसला होता. त्याला नीट दिसत नव्हतं, पण शेजारच्याचा हात हलला एवढं कळलं, आणि आपली टोपली आली असं वाटून त्याने दोन्ही हात पुढे केले. टोपली त्याच्या हातांवरून पलीकडे गेली. तो हात तसेच धरून बसला. दुसरी आली, तीही गेली. शेवटी शेजारचा माणूस त्याच्या कानाशी म्हणाला, "पाक, तुमची नाहीये." तेव्हा त्याने हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले, आणि हसला. आळीतले सगळे पुरुष टोपल्या घेऊन निघाले, त्यांच्यामध्ये हा एकटा मोकळ्या हातांनी, भिंतीला चाचपत.

आणि पडद्याआड वारसिनीला काय वाटलं, तर बरं वाटलं. आता तरी येईल ताळ्यावर. नंतर तिला सगळ्यात जास्त खात राहिलं ते हेच, की त्या वेळी तिला बरं वाटलं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी आसिह घरी आली. वारसिनीचे पदार्थ छापून आसपासच्या चारही आळ्यांत वाटायचे असं आरोग्य केंद्रात ठरलं होतं, म्हणून मापं लिहून घ्यायला. वारसिनी खूश. तिने तेंपे आणि टोफू मसाल्यात शिजवायला घेतले, धणे, लसूण, आल्यासारखं गलांगल, तमालपत्र, एकेक सांगत गेली. पारजोनो बाहेरच्या खोलीत मशीनवर जुने कपडे जोडत बसला होता, हाताच्या अंदाजाने. मग वारसिनीने बरणी उघडली, माडाच्या गुळाचे दोन काळे गोळे काढले, सुरीने तासून पातेल्यात टाकले, आणि वरून गोड सोया सॉसची धार सोडली.

आसिहचं पेन थांबलं. "बू, हे काय?"

"गूळ."

"किती टाकता?"

"किती काय, नेहमीइतकाच. दोन गोळे."

"फक्त यात ना?"

"हे बघ," वारसिनी हसली, "तूही माझ्यासारखी क्लातेनचीच ना? गुळाशिवाय कशाला चव येते सांग बरं. फणसात लागतो, केळफुलात लागतो, बांगड्याला थोडा, पपईला..." ती बोलत गेली आणि आसिहचा चेहरा बघून तिचा आवाज हळू झाला. "गोड म्हणून नाही गं टाकत. गोड तर सगळं बंदच केलंय. हा तर चवीला. मिठासारखा."

आसिहने एक गोळा उचलून तळहातावर तोलला. तिने काही सुनावलं नाही, उलट आवाज अगदी मऊ केला, आणि त्यानेच वारसिनीला जास्त भीती वाटली. "बू, दिवसाला असे पाच-सहा गोळे होतात. ही साखरच आहे. तुम्ही भात काढला आणि त्याच्या जागी ही घातली. पाक पारजोनोंनी बाहेर भाताचा एक घास खाल्ला नसला तरी आकडा असाच राहणार."

बाहेरचं मशीन मघापासून बंद होतं. वारसिनीला ते आत्ता जाणवलं.

तिला वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. पस्तीस वर्षं स्वयंपाक. डोळे मिटून तीनशे माणसं. आणि जे आईच्या हातून शिकली, जे हात न विचारता करतो, त्यानेच नवऱ्याचे डोळे घालवायला निघाली होती. आणि वर त्यालाच चोर ठरवलं. आसिह कधी गेली तेही तिला कळलं नाही. पातेलं उकळत राहिलं आणि तळाला लागून काळं झालं.

बऱ्याच वेळाने ती बाहेरच्या खोलीत गेली. "तुम्हाला कळत होतं," ती म्हणाली.

पारजोनो गुंडीशी चाळा करत होता. "गोड लागायचं."

"मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला सगळ्यांसमोर... टोपली..."

"एकदा बोललो होतो की. मग म्हटलं, ती एवढा जीव ओतून रोज नवं करते, तिला माहीत असेलच. स्वयंपाकातलं मला काय कळतं?" आणि तिला हुंदका फुटलेला ऐकून घाबरला बिचारा. "अगं रडू नकोस. अजून तीन आठवडे आहेत."

त्या तीन आठवड्यांत बरणी घराबाहेर गेली. बिनगुळाचं शिजवताना वारसिनीचा हात दर वेळी आपसूक फळीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. पहिले काही दिवस तिचं तिलाच गिळवत नव्हतं. फणस तुरट लागायचा, बांगडा उघडाबोडका. मग तिने चिंच वाढवली, भाजलेलं खोबरं, कोळंबीचा खरडा, लिंबाची पानं, आणि हळूहळू जिभेला दुसरी वाट सापडली. सहाव्या आठवड्याला आकडा आला दोनशे एक्केचाळीस. छप्पन्नाव्या दिवशी, शनिवारी, एकशे त्र्याऐंशी.

आसिहने आकडा मोठ्याने वाचला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. "उद्या डोळा उघडणार!" बायका ओरडल्या. "बघितलंत पाक पारजोनो? बायकोने धाक लावला तेव्हा चोरी सुटली!" "टोपली चुकवली तेव्हाच आकडा खाली आला हो!" पोनिराहसुद्धा हसली, तिला हायसं वाटलं असणार. आसिह एकटी खाली मान घालून लिहीत होती.

"खरं ना, पाक? खात होता ना चोरून?"

पारजोनोने आवाजांच्या दिशेने तोंड फिरवलं. "हो," तो म्हणाला. "खात होतो. सोडलं आता."

वारसिनीने ऐकलं. तिला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं केलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं, त्याने आपण होऊन झाकलंच होतं. तिने समोर पाहिलं. बायकांच्या मांडीवर तिच्याच पदार्थांच्या वह्या होत्या, प्रत्येक पानावर गुळाचे गोळे लिहिलेले. घरोघर तेच शिजत होतं.

ती उठली. "खोटं बोलतायत ते," ती म्हणाली. "त्यांनी बाहेर दाणा खाल्ला नाही. साखर मीच घालत होते. रोज, गुळातून. वह्या काढा आणि गूळ लिहिलाय तिथे तिथे काट मारा. सोया सॉसला पण. मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना मी त्यांना चोर म्हटलं."

एकेकीने वही उघडली. कागदावर पेन ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. एक म्हातारी पुटपुटली, "म्हणजे गूळ पण साखरच होय?"

पोनिराहने वही उघडली नाही. ती वारसिनीकडे बघत होती. "माझ्या नवऱ्याचा हजारावा होता," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्याच्या दुआला आलेल्या माणसाच्या हातावरून मी टोपली पुढे नेली. तुझ्या सांगण्यावरून. लोक म्हणाले असतील, पोनिराहने हे काय केलं. आता तो दिवस मी कुठून परत आणू, बू? सांग ना. त्याच्यापुढे दिवस नाही दुसरा."

जिची जीभ या आळीत कधी अडली नव्हती ती बाई तोंड उघडं ठेवून उभी राहिली. माफ करा म्हणायला हवं होतं, पण एवढ्याशा शब्दात ते मावणार नव्हतं हे तिलाही कळत होतं.

बोलला तो पारजोनो. "वहिनी," तो म्हणाला, "मी त्या दिवशी दुआ पूर्ण म्हटली होती. शेवटपर्यंत. टोपली मिळाली नाही म्हणून ती कमी झाली नाही. तुमचा हजारावा नीट झालाय."

पोनिराहने ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि ती रडायला लागली. बायका तिच्याभोवती जमल्या. वारसिनीकडे कुणी बघितलंच नाही. तिला वाटत होतं कुणीतरी चार शब्द सुनावावेत, निदान एकीने तरी.

"चल गं," पारजोनो उठत म्हणाला, "उद्या पहाटे निघायचंय." त्याने नेहमीसारखा हात पुढे केला, कारण सभागृहाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि त्या त्याला दिसत नाहीत. ती त्याचा हात धरून दारापर्यंत आली. पायरी आली की ती दर वेळी सांगायची, "पायरी," आणि तो पाय खाली टाकायचा.

तो दारात पाय उचलून थांबला. "आली का?" त्याने विचारलं.

आली होती. वारसिनीच्या तोंडातून आवाज फुटेना. तो मात्र पाय तसाच उचलून, तिच्यावर भरवसा ठेवून, उभा राहिला.